शाई धरणारा कागद, काळ धरणारा कागद

१/ अभिलेखागारात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या अभ्यासकाला बहुधा एक विरोधाभास चकित करतो. अठराव्या शतकातील मोडी पत्राची घडी हलक्या हाताने उलगडली, तर कागद आजही कापडासारखा लवतो आणि त्यावरील अक्षर काळेभोर असते. शेजारच्या कपाटातले शंभर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र मात्र हात लागताच कोपऱ्यांनी झडू लागते. जुने टिकावे आणि नवे जावे, असे का घडले?

२/ उत्तर कागदाच्या दोन गुणांत आहे. पहिला गुण शाई धरण्याचा : टाक जिथे टेकला तिथेच अक्षर उमटावे, पसरू नये, मागे झिरपू नये. दुसरा गुण काळ धरण्याचा : लिहिणारा गेल्यावरही कागद उरावा. फाउंटन पेनसाठी वही शोधणारा मनुष्य बहुधा पहिल्याच गुणाची चौकशी करतो. इतिहास मात्र सांगतो, की पहिला गुण मिळवताना अनेक पिढ्यांनी दुसऱ्याची किंमत मोजली आहे. त्या व्यवहाराची ही कहाणी.

३/ आधी कागदाचा स्वभाव. कागद म्हणजे वनस्पतींच्या धाग्यांचे दाट जाळे. धाग्याधाग्यांमधल्या सूक्ष्म फटी पाण्याला आपसूक ओढून घेतात. नुसत्या लगद्याचा, कोणताही संस्कार न केलेला कागद म्हणजे टीपकागद. त्यावर टाक टेकवला तर अक्षर उमटत नाही, डाग पसरतो. म्हणून लिहिण्याच्या कागदाला एखादा पदार्थ पाजून त्याची तहान कमी करावी लागते. कापडाला खळ देतात, तशीच ही कागदाची खळ.

४/ ही खळ कशाची असावी, या एका प्रश्नाभोवती कागदाच्या इतिहासाचा मोठा भाग फिरतो. पीठ, जनावरांच्या कातड्या-हाडांची सरस, झाडाची राळ, आणि शेवटी प्रयोगशाळेत तयार झालेली रसायने. प्रत्येक उत्तराने लेखकाची सोय केली. प्रत्येकाचा वाचकावरचा परिणाम मात्र वेगळा झाला, कारण वाचक नेहमी नंतर येतो.

५/ कागदाच्या शोधाचे श्रेय परंपरेने चीनच्या दरबारातील त्साय लुन या अधिकाऱ्याला दिले जाते. साल इसवी सन १०५. मध्य आशिया आणि अरब जगातून ही विद्या पसरत गेली. भारतात तोवर दक्षिणेत ताडपत्र आणि उत्तरेत भूर्जपत्र चालत असे. दख्खनेत कागदाचा धंदा रुजण्याचा संबंध महंमद तुघलकाच्या राजधानी-बदलाशी जोडला जातो. १३२७ च्या सुमारास दिल्लीहून दौलताबादेस आलेल्या लोकांत कारागीरही होते, अशी परंपरा आहे. किल्ल्याजवळचे कागजीपुरा हे गाव आजही त्या धंद्याचे नाव धारण करून आहे.

६/ पुढे दौलताबादी कागदाप्रमाणे जुन्नरी आणि बाळापुरी कागदही नावाजले. पुण्यात कसब्यालगत कागदीपुरा वसला. आज वहीच्या पुठ्ठ्यावर कंपनीचे नाव पाहतात, तसे त्या काळी कागद गावाच्या नावाने ओळखला जाई. गाव सांगितले की जाडी, पोत आणि चकाकी यांचा अंदाज येई. चांगला कागद पारखून घेणे ही हौस नव्हती. कारकुनी पेशाचा तो भागच होता.

७/ हा कागद होई कशाचा? जुनी गोणपाटे, दोरखंड, चिंध्या. ते तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कुटायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, पुन्हा कुटायचे. लगदा हौदात सोडून गवताच्या काड्यांच्या जाळीने एकेक ताव उचलायचा. ताव दाबून पाणी काढायचे, मग भिंतीला चिकटवून वाळवायचे. इथवर जे तयार झाले तो टीपकागदाचा भाऊ. लिहिण्याचा कागद व्हायला अजून दोन संस्कार बाकी असत.

८/ पहिला संस्कार खळीचा. गव्हाची किंवा तांदळाची पातळ खळ तावाच्या दोन्ही अंगांना लावून वाळवीत. दुसरा घोटण्याचा. लाकडी फळीवर ताव पसरून गुळगुळीत दगडाने वा शंखाने तो जोर लावून घासत. खळीने धाग्यांमधल्या फटी बुजत. घोटण्याने पृष्ठभाग सपाट, दाट आणि चकचकीत होई. शाईला आत शिरायला वाट उरत नसे आणि बोरूला अडखळायला जागा राहत नसे.

९/ मोडी लिपीला असाच कागद हवा होता. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरे गुंफीत जाई. कागद खरबरीत असता तर बोरूचे टोक धाग्यांत अडकते. तहानलेला असता तर एकमेकांना खेटून बसलेली वळणे एकत्र वाहून जाती. मोडीचा वेग कारकुनाच्या हातात होता, तसा कागजीच्या घोटण्याच्या दगडातही होता.

१०/ पण पिठाच्या खळीला किंमत होती. पीठ माणसाला पोसते, तसे किड्यालाही. कसर आणि वाळवी यांना खळ दिलेला कागद म्हणजे वाढलेले ताटच. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांना हीच अडचण आली. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली जिथे छापले गेले, त्याच ठिकाणची ही गोष्ट. देशी कागदाला कीड लागते म्हणून त्यांनी किडीला दाद न देणारा कागद स्वतः तयार करण्याचा खटाटोप केला आणि १८२० मध्ये कागदाच्या कामासाठी विलायतेहून वाफेचे यंत्र आणवले.

११/ त्याआधी देशी लेखकांचा एक उपाय होता हरताळ. सोमलाचा अंश असलेले हे पिवळे खनिज विषारी असते. हस्तलिखितांच्या कागदाला ते लावले की कीड दूर राही. त्याचा दुसराही उपयोग होता. अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा लेप देत आणि वाळल्यावर त्याच जागी नवे अक्षर लिहीत. एखाद्या तत्त्वाला ‘हरताळ फासला’ असे मराठी माणूस आज म्हणतो, तेव्हा पोथी लिहिणाऱ्याच्या हातातला तो पिवळा लेपच त्याच्या तोंडी येत असतो.

१२/ कागदाइतकीच शाई महत्त्वाची. जुनी देशी शाई मुख्यतः काजळीची : दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी, बराच काळ खललेले. काजळी म्हणजे कार्बन. तो उजेडाने फिका पडत नाही आणि कागदाला खात नाही. डिंकामुळे शाईला दाटपणा येतो आणि ती घोटलेल्या कागदाच्या वरच बसते. दोनअडीचशे वर्षांनंतर अक्षर काळेभोर दिसते त्याचे कारण हेच. उणीव एकच : वर बसलेली शाई पाण्याने सहज पुसली जाते. हिरडा आणि हिराकस यांची शाईही प्रचारात होती. ती कागदात मुरे, पण तिचे दुखणे निराळे.

१३/ कागद, शाई आणि काळ यांचा इतका एकत्र विचार सतराव्या शतकातील एका मराठी ग्रंथात सापडतो. समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. वेगवेगळ्या प्रदेशांतले बोरू आणावेत, शाईचा संग्रह ठेवावा, अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे असावे, पुस्तकांसाठी मेणकापड, पेट्या आणि कुलपे बाळगावीत, असा तो उपदेश आहे. काजळीची शाई पाण्याने पुसली जाते हे ध्यानात घेतले, की मेणकापडाचे मोल कळते.

१४/ याच समासातील एक सूचना विलक्षण आहे. पानाच्या चारी बाजूंना जागा मोकळी सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. समास म्हणजे केवळ पानाची शोभा नव्हे. कागद कडांकडून मरत येतो, हे ओळखून शब्दांभोवती ठेवलेली ती तटबंदी आहे. लिहितानाच कागदाच्या मरणाचा हिशेब करणारी ही दृष्टी आहे.

१५/ युरोपने पिठाऐवजी दुसरा मार्ग धरला. इटलीतील फाब्रियानोच्या कारागिरांनी तेराव्या शतकात कातड्या-हाडांपासून काढलेली सरस खळ म्हणून वापरायला घेतली. चिंध्यांचा लगदा आणि सरसेची खळ असलेला हा कागद टणक होता. पिसाच्या टोकदार लेखणीचे ओरखडे तो सहज सोसे. शाई धरणे आणि काळ धरणे हे दोन्ही गुण त्यात बऱ्यापैकी नांदत. अडचण खर्चाची आणि वेळेची : प्रत्येक ताव हाताने उचलायचा, वाळवायचा, सरसेत बुडवायचा, पुन्हा वाळवायचा.

१६/ तिथे घात केला तो शाईने. युरोपची नेहमीची शाई मायफळ आणि हिराकस यांची. ती कागदात घट्ट मुरते, पुसली जात नाही, म्हणून दस्तऐवजांसाठी तिला मान होता. पण तिच्यातील आम्ल आणि लोह कागदाचे धागे हळूहळू जाळतात. अक्षराच्या रेषेवरच कागद फाटतो. बर्लिनच्या राज्य ग्रंथालयातील योहान सेबास्टियन बाख यांच्या स्वहस्ताक्षरातील स्वरलिप्यांची हीच गत झाली होती. स्वरांची डोकी जिथे शाईने भरली होती तिथे पानाला भोके पडू लागली आणि त्या वाचवण्यासाठी मोठी मोहीम हाती घ्यावी लागली.

१७/ मग आला यंत्रयुगाचा सौदा. १७९९ मध्ये फ्रान्सच्या निकोला-लुई रोबेर यांनी अखंड कागद काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्राच्या वेगाला ताव-ताव सरसेत बुडवणे परवडणारे नव्हते. १८०७ मध्ये जर्मनीच्या मोरित्झ इलिग यांनी नवी युक्ती प्रसिद्ध केली : लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळायची. तुरटी राळेला धाग्यांवर बसवते आणि कागद खळीसकटच यंत्राबाहेर पडतो. स्वस्त, झटपट, आणि शाई उत्तम धरणारा.

१८/ शतकाच्या मध्यापासून चिंध्यांची जागा लाकडाच्या लगद्याने घेतली. कागद अभूतपूर्व स्वस्त झाला. शाळेची वही, वर्तमानपत्र, पोस्टकार्ड, स्वस्त कादंबरी या सगळ्यांचा उदय या स्वस्ताईवर उभा आहे. सामान्य माणसाच्या हाती लेखणी आली, तीही यामुळेच. म्हणून या कागदाला नुसता दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र त्याच्या पोटात तुरटी होती, आणि दमट हवेत तुरटी आम्ल सोडते. ते आम्ल धाग्यांच्या लांब साखळ्या एकेक करून तोडते. कागद पिवळा पडतो, मग घडी घालताच मोडतो.

१९/ या मरणाचे कारण पुराव्यानिशी मांडण्याचे मोठे काम अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या विल्यम बॅरो यांनी केले. १९०० ते १९४९ या काळात छापलेल्या ५०० पुस्तकांचा कागद त्यांनी तपासला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे त्यांपैकी ९७ टक्के पुस्तकांचे उपयुक्त आयुष्य पन्नास वर्षे किंवा त्याहून कमी होते. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या ग्रंथपालांची झोप उडाली. ज्ञान सर्वांत वेगाने छापले गेले, त्याच काळात ते सर्वांत नाशवंत कागदावर छापले गेले होते.

२०/ आता सुरुवातीचा विरोधाभास उलगडतो. पेशवे दप्तरातील रुमालांत बांधलेली मोडी पत्रे चिंध्या-गोणपाटांच्या लांब धाग्यांच्या कागदावर आहेत. त्या धाग्यांवर चुन्याचा संस्कार झालेला आहे, आणि चुना आम्लाचा शत्रू. शाई काजळीची. वर्तमानपत्र लाकडाच्या आखूड धाग्यांचे आणि आम्लयुक्त. पहिल्याला कसर आणि पाणी यांपासून राखले की ते जगते. दुसऱ्याला बाहेरचा शत्रू लागत नाही.

२१/ महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाला याची एक बोचरी बाजू आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे शोधली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. जुने कागद नष्ट होण्याआधी छापून वाचवावेत, हा त्यामागचा ध्यास. पण तो काळ आम्लयुक्त कागदाचा होता. त्या पिढीच्या छापील पुस्तकांची पाने अनेक ग्रंथालयांत मूळ मोडी पत्रांआधी म्हातारी झाली आहेत. वारसाला आधी वार्धक्य आले.

२२/ याच आम्लयुक्त कागदाच्या युगात फाउंटन पेन अवतरले. १८८४ मध्ये लुईस वॉटरमन यांनी अमेरिकेत पेटंट घेतले : शाई खाली उतरावी तशी हवा वर जावी, म्हणजे प्रवाह नियमित राहतो. पण या बारीक नळ्यांतून काजळीची डिंकाळ शाई वाहिना. ती तिथेच वाळून पेन बंद पाडते. म्हणून पेनची शाई पाण्यासारखी पातळ, विरघळलेल्या रंगाची झाली. पूर्वी अक्षर जागच्या जागी ठेवण्याचे काम शाईचा डिंक आणि कागदाची खळ मिळून करीत. आता ती बहुतेक सगळी जबाबदारी कागदावर आली.

२३/ इकडे हातकागदाचा धंदा गिरणीपुढे मोडत आला होता. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातकागद त्याच्या कार्यक्रमात आला. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, तिच्यामागे के. बी. जोशी यांची खटपट होती. तो प्रयत्न गावच्या रोजगारासाठी आणि स्वदेशीसाठी होता. पण चिंध्यांचा लांब धागा त्यामुळे पुन्हा हौदात आला.

२४/ यंत्राच्या कागदाला त्याच्या दुखण्यावर औषध मिळाले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तुरटीशिवाय धाग्याला चिकटणारी नवी खळ निघाली. त्यामुळे कागदात चुनखडी मिसळता येऊ लागली. चुनखडी कागद पांढरा करते आणि आम्लाला तिथल्या तिथे मारते. चिरस्थायी कागदासाठी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्ये आले. त्यात ही क्षारता किती असावी ते ठरवून दिले आहे. शाई धरणे आणि काळ धरणे, दोन्ही गुण एका स्वस्त कागदात प्रथमच एकत्र आले.

२५/ तरीही बाजारातली पुष्कळ वही फाउंटन पेनला दगा देते. त्याचे एक कारण बॉलपेन. त्याची घट्ट, तेलकट शाई जवळपास कोणत्याही कागदावर चालते. लिहिणाऱ्यांनी कागद पारखणे सोडले, तसे वही बनवणाऱ्यालाही खळीवर खर्च करण्याचे कारण उरले नाही.

२६/ मग पारख कशी करावी? जाडीवर विसंबू नये. जपानचा तोमोए रिव्हर हा कागद चौरस मीटरला अवघा ५२ ग्रॅम भरतो, तरी शाई पसरू देत नाही. उलट खळ कमी असलेला जाड कागदही टीपकागदासारखा वागतो. पातळ कागदातून मागचे अक्षर सावलीसारखे दिसणे निराळे आणि शाई आरपार झिरपणे निराळे. पहिल्याचा विचार आवडीनुसार करावा, दुसरे मात्र खळीचे अपयश आहे.

२७/ परीक्षा सोपी आहे. पेनचे टोक कागदावर तीन-चार क्षण टेकवून ठेवावे, एक वळणदार ओळ लिहावी, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा ओढाव्यात. कडांना मिशा फुटल्या, तर खळ अपुरी. पाठीमागे ठिपके उमटले, तरी तोच निष्कर्ष. शाई वाळायला थोडा वेळ लागला, तर ते दूषण नव्हे. शाई आत न शिरता वर थांबली आहे, याची ती खूण. हातकागदाची वही घेताना तो घोटलेला आहे का, हे बोट फिरवून पाहावे. चित्रासाठी केलेला खरबरीत कागद टाकाला अडवतो. ही झाली पहिल्या गुणाची परीक्षा.

२८/ दुसरा गुण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो विचारून घ्यावा लागतो. वहीवर आम्लरहित असल्याचा उल्लेख आहे का? वर्तुळातले अनंताचे चिन्ह आहे का? शाई पाण्याने पुसणारी आहे की टिकाऊ? वाणसामानाच्या यादीला यांपैकी कशाचीच गरज नाही. दैनंदिनी, आजीच्या आठवणी, गावाची टिपणे यांना मात्र आहे. पेशवाईतील कारकुनांनी रोजच्या जमाखर्चाचे कागद इतिहास म्हणून लिहिले नव्हते. ते टिकले, म्हणून इतिहास झाले.

२९/ आणि वही कोणतीही असो, चारी बाजूंना समास सोडावा. सतराव्या शतकातला तो सल्ला आजही जुना झालेला नाही : कागद झडला, तरी अक्षर झडू नये.

(धागा समाप्त)